गाडीचा टायर : आकडा वाचा, मग पैसे मोजा

मोटारसायकल ही आता आपल्या वस्त्यांत चैनीची वस्तू राहिलेली नाही. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, कळमन्याच्या बाजारातून पहाटे भाजीची पोती बांधून आणणारा विक्रेता, भिंती रंगवणारा कारागीर, रात्री उशिरापर्यंत घरोघरी जेवण पोचवणारा कॉलेजचा मुलगा, या सर्वांची रोजी त्या दोन चाकांवर चालते. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. गाडी घसरली तर काय काय बुडते, ते सांगायची गरज नाही.

अशा या गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त दोन ठिकाणी. पुढच्या चाकाखाली तळहाताएवढा रबराचा तुकडा आणि मागच्या चाकाखाली तेवढाच दुसरा. ब्रेक कितीही चांगला असो, चालवणारा कितीही सावध असो, शेवटी गाडी थांबवण्याचे आणि वळवण्याचे काम हे दोन तुकडेच करतात. तरीही टायर घेताना आपण काय करतो? दुकानासमोर गाडी लावतो, "भाऊ, मागचा टायर टाकून द्या, जरा मजबूत द्या," असे म्हणतो आणि चहा प्यायला जातो. घरी पाच किलो तांदूळ आणताना जी चौकशी आपण करतो, ती जीव ज्यावर टांगलेला आहे त्या टायरच्या बाबतीत करीत नाही.

म्हणून या अंकात आम्ही टायरच्या मापाविषयी लिहीत आहोत. विषय कोरडा वाटेल. परंतु अर्धा तास देऊन हा लेख घरातल्या सर्वांनी वाचावा. गाडी चालवणाऱ्याने तर वाचावाच, पण मागे बसणाऱ्या ताईंनी आणि आईनेही वाचावा. कारण टायरवरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा मागे बसणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे.

टायरवर लिहिलेले असते काय?

टायरच्या बाजूवर जी अक्षरे आणि आकडे असतात, ते टायर तयार झाल्यावर छापलेले नसतात. कच्चे रबर साच्यात घालून उष्णता आणि दाबाखाली शिजवले जाते, तेव्हा साच्यात कोरलेली अक्षरे रबरावर उमटतात. म्हणजे ती टायरच्या जन्माबरोबरच येतात. टायरची जन्मपत्रिकाच म्हणा ना! फरक एवढाच की ही पत्रिका खरी असते.

समजा, टायरवर ८०/१००-१८ असे लिहिले आहे आणि पुढे ४७ हा आकडा व इंग्रजी पी हे अक्षर आहे. त्याचा अर्थ असा :

पहिला आकडा ८० : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. हवा भरल्यावर टायर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे ८० मिलिमीटर, म्हणजे आठ सेंटिमीटर रुंद भरतो.

दुसरा आकडा १०० : टायरची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या शेकडा किती, ते हा आकडा सांगतो. १०० म्हणजे रुंदीइतकीच उंची, ८० मिलिमीटर. इथे ९० असते तर उंची ८० च्या शेकडा ९०, म्हणजे ७२ मिलिमीटर झाली असती.

तिसरा आकडा १८ : टायर ज्या रिमवर बसतो त्या रिमचा व्यास, इंचांत.

४७ : या टायरवर जास्तीत जास्त किती भार टाकता येतो, त्याचा सांकेतिक आकडा. हे किलो नव्हेत. कोणत्या संकेताला किती किलो, याचा तक्ता ठरलेला आहे.

पी : वेगाची मर्यादा. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. स्कूटरच्या टायरवर बहुधा जे हे अक्षर दिसते. त्याचा अर्थ ताशी १०० किलोमीटर.

जुन्या गाड्यांच्या टायरवर २.७५-१८ किंवा ३.००-१७ असे माप असते. तिथे दोन्ही आकडे इंचांतच आहेत. २.७५ इंच रुंदी आणि १८ इंच रिम. या जुन्या मापांत भाराची ताकद ओळखण्यासाठी ४ पीआर, ६ पीआर असेही लिहिलेले आढळते. पीआरचा आकडा मोठा, तर टायर अधिक भार सोसणारा.

एवढे समजले की निम्मे काम झाले.

नाव एक, माप वेगळे

पुष्कळ जण गाडीचे नाव सांगून टायर मागतात. नावावर विसंबून चालत नाही, याची काही उदाहरणे पाहा.

हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली. अनेक वर्षे तिला पुढे-मागे २.७५-१८ हे टायर येत होते. पुढच्या काळातील स्प्लेंडर प्लसला ८०/१००-१८ हे टायर येऊ लागले. ही दोन मापे एकमेकांना जवळची आहेत, कंपन्यांनी स्वतःच एकाच्या जागी दुसरे वापरले आहे. त्यामुळे इथे फारसा घोटाळा होत नाही.

पण बजाज पल्सरचे तसे नाही. २००१ साली आलेल्या पहिल्या पल्सरची चाके १८ इंची होती. पुढे त्याच नावाच्या गाडीला १७ इंची चाके आली. सेकंडहँड बाजारातून जुनी पल्सर घेतलेल्या माणसाने नुसते "पल्सरचा टायर द्या" म्हटले आणि दुकानदाराने न पाहता दिला, तर टायर चाकावर चढणारच नाही. त्यात दीडशे सीसीच्या पल्सरमध्येही मागचा टायर काही गाड्यांना १००/९०-१७ आहे, तर नंतर आलेल्या दोन डिस्कच्या गाडीला १२०/८०-१७ आहे.

आपल्या घरातल्या मुली आणि सुना चालवतात त्या अॅक्टिव्हा स्कूटरचेही असेच आहे. आधीच्या अॅक्टिव्हाची दोन्ही चाके दहा इंची होती, दोन्हीकडे एकच टायर चाले. २०२० साली आलेल्या सहाव्या पिढीच्या अॅक्टिव्हाला पुढे ९०/९०-१२ आणि मागे ९०/१००-१० आहे. शेजारणीच्या स्कूटरचा टायर आपल्या स्कूटरला बसेलच असे नाही.

मग आपल्या गाडीचे खरे माप कुठे पाहावयाचे? चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर, म्हणजे मागचे चाक ज्या दोन दांड्यांत बसते त्यावर, हवेचे आणि टायरच्या मापाचे स्टिकर असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतही हे माप असते. ती पुस्तिका कपाटात कुठेतरी पडलेली असते, ती काढा. स्टिकर उडाले असेल, पुस्तिका हरवली असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचे मॉडेल आणि साल सांगून विचारा. सध्या बसवलेल्या टायरवरचे माप आंधळेपणाने उतरवून घेऊ नका. गाडी जुनी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने भलताच टायर टाकलेला असू शकतो.

शेपटीचा आकडा : भार

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला, तो मुद्दा.

स्प्लेंडर प्लसचे दोन्ही टायर पाहा. पुढेही ८०/१००-१८, मागेही ८०/१००-१८. रुंदी तीच, उंची तीच, रिम तीच. म्हणून पुष्कळांना वाटते की पुढचा काय आणि मागचा काय, टायर एकच. पण शेपटीकडे पाहा. पुढच्या टायरवर ४७ आहे आणि मागच्या टायरवर ५४ आहे. तक्त्याप्रमाणे ४७ म्हणजे १७५ किलो आणि ५४ म्हणजे २१२ किलो. माप एक, पण ताकदीत ३७ किलोंचा फरक.

हा फरक किती मोठा आहे, ते आपल्या घरच्या उदाहरणाने पाहू. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे ११२ किलो. चालवणारा ७० किलोचा, मागे बसलेली पत्नी ५५ किलोची, आणि १५ किलोची पिशवी. गाडीचे साधारण निम्मे वजन मागच्या चाकावर येते. चालवणाऱ्याचे निम्म्याहून जास्त वजन मागे येते. मागे बसणाऱ्याचे तर जवळजवळ सगळे वजन मागच्याच चाकावर असते. ढोबळ हिशेब केला तरी मागच्या चाकावर १७० किलोंच्या आसपास भार येतो. म्हणजे १७५ किलोंचा टायर मागे टाकला असेल, तर दोन माणसे आणि एक पिशवी यांतच त्याची ताकद संपली. त्यावर एखादा खड्डा आला, की त्या क्षणी भार कितीतरी वाढतो. त्यातच पोते बांधले असेल किंवा मध्ये मूल बसवले असेल, तर टायर आपल्या मर्यादेच्या बाहेरच चालतो.

कायद्याने दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसवता येतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आणि शाळा सुटल्यावर गाड्यांवर किती जण असतात, तेही आपण रोज पाहतो. कुटुंबाला एकच गाडी परवडते, ही आपली अडचण आहे. परंतु आपली अडचण टायरला कळत नाही. मर्यादेबाहेरचा भार आला की टायरची बाजू जास्त वाकते, वाकल्यामुळे आतून तापते, तापल्यामुळे आतले नायलॉनचे धागे सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस बाजूला फुगा येतो किंवा टायर फुटतो. म्हणून जास्तीचे माणूस बसवू नका, हे आमचे पहिले सांगणे. आणि मागच्या चाकाला मागच्याच ताकदीचा टायर घ्या, हे दुसरे.

दुकानात मागचा टायर शिल्लक नसला, की "हा घ्या, साइज सेम आहे" असे म्हणून पुढचा टायर पुढे करणे सोपे असते. किंमतही थोडी कमी सांगितली जाते. गिऱ्हाईक खूश होते. तेव्हा ८०/१००-१८ एवढेच विचारू नका. ८०/१००-१८ आणि शेपटीला ५४, असे पूर्ण विचारा. जुन्या मापाची स्प्लेंडर असेल तर पुढे ४ पीआर आणि मागे ६ पीआर, हे लक्षात ठेवा. नियम सोपा आहे : भाराचा आणि वेगाचा संकेत कंपनीने दिल्यापेक्षा वरचा चालेल, खालचा कधीही चालणार नाही.

जाड टायरचा मोह

आता तरुणांशी थोडे बोलू. शंभर सीसीच्या गाडीला मागे जाडजूड टायर टाकण्याची हौस हल्ली फार दिसते. गाडी भारी दिसते, हे खरे. तिची पकडही वाढते, असा समज आहे. तो तपासून पाहू.

टायर रिमवर बसतो तेव्हा त्याच्या दोन्ही कडा रिमच्या रुंदीइतक्या जवळ येतात. रिमवर १.६०, १.८५, २.१५ असे आकडे असतात, ती रिमची रुंदी इंचांत असते. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते, हे टायर कंपनीने ठरवलेले असते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि वरचा भाग फुग्यासारखा गोल होतो. मग सरळ चालताना टायरचा मधला पट्टाच जमिनीला टेकतो. म्हणजे जास्त रबराचे पैसे दिले आणि जमिनीला टेकणारे रबर मात्र अपेक्षेइतके वाढले नाही. वळणावर बाजू डगमगते, गाडी उशिरा वळते आणि मधला पट्टा लवकर झिजतो. उलट, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला तर तो चपटा होतो आणि त्याची कड रिमवरून सुटण्याचा धोका असतो.

आता उंचीचा हिशेब. घरात आठवी-नववीचा विद्यार्थी असेल तर त्याला वही-पेन घेऊन बसवा, हे गणित त्याला आवडेल.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हा १८ इंची रिमचा व्यास ४५७.२ मिलिमीटर. ८०/१००-१८ टायरची उंची वर ८० आणि खाली ८०. पूर्ण चाकाचा व्यास ६१७.२ मिलिमीटर. आता त्याच रिमवर १००/९०-१८ चढवला, तर उंची वर ९० आणि खाली ९०. व्यास ६३७.२ मिलिमीटर. व्यास दोन सेंटिमीटरने वाढला. परिघ काढा : पहिल्याचा सुमारे १९३९, दुसऱ्याचा सुमारे २००२ मिलिमीटर. चाक एकदा फिरले की गाडी सहा सेंटिमीटर जास्त पुढे जाते. शेकडा तीनपेक्षा थोडे जास्त.

वरवर पाहता हा फायदाच वाटतो. पण तो वाढलेला पल्ला ओढतो कोण? तेच छोटे इंजिन. सगळे गिअर थोडे जड पडतात, त्यात टायरचे वजनही वाढलेले. डबल सीट उड्डाणपूल चढताना जिथे चौथा गिअर पुरत होता, तिथे तिसरा टाकावा लागतो. पेट्रोल जास्त जाते. क्लच लवकर झिजतो. पुढचा टायर असा मोठा टाकला आणि मीटरची वायर पुढच्या चाकातून येत असेल, तर मीटर ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६२ च्या वेगाने धावत असेल.

शिवाय जागेचा प्रश्न आहे. टायर दोन सेंटिमीटर रुंद झाला म्हणजे प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर. एका बाजूला चेन आहे, दुसऱ्या बाजूला चिमट्याची दांडी आहे, वर मडगार्ड आहे. गॅरेजमध्ये गाडी मोकळी उभी असताना सारे ठीक दिसते. पण मागे माणूस बसले, खड्डा आला, शॉकअप पूर्ण दबले, की टायर मडगार्डच्या आतल्या बोल्टला घासतो. मग काही ठिकाणी मडगार्ड कापून देतात, चेनकव्हर काढून टाकतात. चेनकव्हर गेले की मागे बसलेल्या बाईच्या साडीचा पदर किंवा ओढणी कुठे अडकेल, हे सांगता येत नाही. हौस मुलाची आणि धोका आईला, असा हा व्यवहार आहे.

माप बदलणे कधीच चालत नाही का? चालते, पण चार अटींवर. पहिली, टायर कंपनीने तो टायर तुमच्या रिमच्या रुंदीला चालतो असे सांगितलेले असावे. दुसरी, भाराचा संकेत मूळच्यापेक्षा कमी नसावा. तिसरी, चाकाचा एकूण व्यास मूळच्या अगदी जवळ राहावा. चौथी, शॉकअप पूर्ण दबल्यावरही टायर कुठे घासू नये. या अटी पुऱ्या होत नसतील, तर मूळ मापच घ्या. ज्या इंजिनिअरांनी गाडी बनवली, त्यांनी त्या मापावर ती हजारो किलोमीटर चालवून पाहिलेली असते.

ट्यूब की ट्यूबलेस?

ट्यूबलेस टायरमध्ये हवा टायर आणि रिम यांच्यामध्येच कोंडलेली असते. खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, हळूहळू जाते. गाडी सावरायला वेळ मिळतो. हा खरा आणि मोठा फायदा आहे. रात्रपाळीहून एकट्याने परतणाऱ्याला त्याची किंमत विचारा.

पण त्यासाठी रिमही तशी लागते. मॅगव्हीलवर ट्यूबलेसची खूण असेल, तरच ट्यूब न टाकता चालते. साध्या आऱ्यांच्या रिमला प्रत्येक आऱ्यासाठी भोक असते. त्यातून हवा निघून जाते. आऱ्यांच्या रिमवर ट्यूबलेस टायर बसवला तर आत ट्यूब टाकावीच लागते, आणि ट्यूब टाकली की ट्यूबलेसचा फायदा संपला. जास्तीचे पैसे कशाला द्यावयाचे? तसेच, ट्यूबच्या टायरमध्ये ट्यूब न टाकता गाडी चालवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ट्यूबचा टायर बदलताना ट्यूबही नवी घ्या आणि तीही त्याच मापाची. जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये दुमडते आणि त्या दुमडीवरच फाटते.

काटकसर कुठे करू नये

महिन्याच्या शेवटी टायर गुळगुळीत झाला, की आपण काय करतो, ते आम्ही जाणतो. मागचा टायर पार गोटा झालेला असतो, पुढचा जरा बरा असतो. मिस्त्री सांगतो, पुढचा मागे टाकू आणि मागचा पुढे. दोन महिने निघतील. वर सांगितलेला ४७ आणि ५४ चा हिशेब आठवा. पुढचा टायर मागचा भार उचलण्यासाठी बनवलेला नाही. आणि गुळगुळीत टायर पुढे टाकणे हे तर त्याहून वाईट. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे सरकतो. ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर मागचे चाक घसरले तर कधी कधी सावरता येते. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही.

कायद्याने दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. ते मोजायला यंत्र लागत नाही. टायरच्या बाजूवर छोटा बाण किंवा टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरे असतात. त्या खुणेच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत बघा, रबराचा एक छोटा उंचवटा दिसेल. टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला, की त्याचे आयुष्य संपले. पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये, हे एकदा जरूर पाहा. नक्षीचे काम पाणी बाजूला सारण्याचे आहे. नक्षी नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो.

पैसे कमी असतील तर एक महिना थांबून बेताच्या किमतीचा, पण योग्य मापाचा नवा टायर घ्या. तोवर गाडी हळू चालवा, डबल सीट टाळा. जुन्या टायरवर नव्याने खाचा पाडून विकलेले टायर मात्र फुकट मिळाले तरी नकोत. खाच पाडताना उरलेसुरले रबरही जाते आणि आतले धागे उघडे पडतात.

आपल्याच जिल्ह्यातला टायर

चाकाला हवेचा टायर लावण्याची कल्पना जुनी आहे. बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉयड डनलॉप यांनी १८८८ साली आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार करून त्याचे पेटंट घेतले, आणि तिथून हा धंदा जगभर पसरला. आज दुचाकींचे टायर बनवण्यासाठी दूर जावे लागत नाही. मुळात इटलीतील तुरीन शहरातून आलेल्या आणि १९५८ पासून भारतात असलेल्या सीएट कंपनीचा दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरचा कारखाना आपल्या बुटीबोरीत २०१६ साली सुरू झाला. आपण ज्या आकड्यांविषयी बोलत आहोत, ते आकडे आपल्याच जिल्ह्यातील कामगारांच्या हातांखाली रबरावर उमटतात. हे आम्ही कोणत्या एका कंपनीची जाहिरात म्हणून सांगत नाही. टायर कोणत्याही चांगल्या कंपनीचा घ्या. फक्त त्यावर आयएसआयची खूण असावी. केंद्र सरकारने २००९ साली आदेश काढून वाहनांच्या टायरला ही खूण सक्तीची केली आहे.

दुकानात जाताना

एवढे वाचल्यावर सगळे लक्षात राहणार नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. हे कात्रण कापून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे.

१. स्टिकर किंवा पुस्तिकेवरून पुढचे आणि मागचे पूर्ण माप, शेपटीच्या आकड्यासह, कागदावर लिहून न्या.

२. टायर बसवण्यापूर्वी हातात घ्या आणि आपल्या कागदावरचा प्रत्येक आकडा टायरवरच्या आकड्याशी जुळवा. बसवल्यावर वाचून उपयोग नाही. दुकानदार परत घेत नाही.

३. टायर कधी तयार झाला ते पाहा. बाजूवर छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले रबर कडक होते. सवलत मोठी असेल तर हे चार आकडे आधी पाहा.

४. टायरवर बाण असतो. चाक पुढे फिरते त्या दिशेला बाण असला पाहिजे. टायर बसवल्यावर स्वतः खाली बसून पाहा. उलटा बसला असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या.

५. पक्के बिल घ्या. बिलावर माप लिहून मागा. पुढे तक्रार करावी लागली तर तोंडी बोलणे कामाला येत नाही.

६. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवा, गाडी एकदम वाकवू नका, जोरात ब्रेक मारू नका.

हवा आणि नागपूरचे ऊन

योग्य मापाचा टायर घेतला आणि हवा पाहिली नाही, तर सारा खर्च वाया गेला. टायरची जी ताकद वर सांगितली, ती पूर्ण हवा असतानाची आहे. हवा कमी झाली की ताकदही कमी होते. २१२ किलोंचा टायर अर्ध्या हवेवर २१२ किलो उचलत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, डांबर मऊ पडते. त्या काळात काही जण "उन्हात हवा फुगते" म्हणून मुद्दाम कमी हवा ठेवतात. हे चूक आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. फुटण्याची भीती तिथेच असते. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी, आणि स्टिकरवर दिलेली तेवढीच भरावी. स्टिकरवर एकट्यासाठी एक आकडा आणि डबल सीटसाठी दुसरा, जास्त आकडा असतो. पत्नीला मागे बसवून रोज जाणाऱ्याने डबल सीटचाच आकडा धरावा. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी गाडी पुसताना, हवा तपासण्याची सवय लावावी. वॉल्व्हच्या तोंडावरची टोपी हरवली असेल तर नवी लावावी. धूळ आत गेली की हवा हळूहळू निघून जाते.

टायरवरचे आकडे वाचायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. अक्षरओळख आणि बेरीज-गुणाकार एवढे पुरते, आणि ते आज आपल्या प्रत्येक घरात आहे. कागदावर लिहिलेले न वाचता अंगठा उठवण्याचे दिवस आपण मागे टाकले. मग रबरावर लिहिलेले न वाचता पैसे का मोजावेत? येत्या सुट्टीच्या दिवशी गाडी अंगणात घ्या, मुलांना जवळ बोलवा आणि दोन्ही टायरवरचे आकडे त्यांच्याकडून वाचून घ्या. मागच्या टायरची शेपटी स्टिकरशी जुळत नसेल, तर पुढचा पगार होईपर्यंत त्या गाडीवर दुसऱ्या माणसाला बसवू नका.